तात्यांचा छल्ला

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात लोक बॉनेटपाशी गर्दी करतात. रंग मूळचा आहे का, क्रोम नवं चढवलंय का, इंजिन कधी उघडलं होतं का, एवढं विचारून झालं की फोटो काढायचा आणि पुढच्या गाडीकडे वळायचं. दार उघडून चौकटीच्या रबरावरून बोट फिरवणारा माणूस मला अजून फारसा भेटलेला नाही. मी आधी तेच करते. बोटाला काळी पूड लागली तर रबर संपत आलंय. नखाने दाबल्यावर खळगा तसाच राहिला तर त्यात जीव उरलेला नाही. आणि नेमक्या कोपऱ्यात बारीक आडव्या चिरा असतील तर ते बसवणाऱ्याने ताणून बसवलंय. ही तपासणी मला तात्यांनी शिकवली. माझ्याकडून तात्यांचं जे देणं निघतं, त्यातली ही अगदी लहान रक्कम.

आमचे वडील खेडला वकिली करत. खेड म्हणजे पुण्याजवळचं नव्हे, रत्नागिरी जिल्ह्यातलं. त्यांनी 1982 साली प्रीमिअर पद्मिनी घेतली. ‘घेतली’ म्हणायचं एवढंच. त्या काळात गाडी दुकानातून उचलून आणता येत नसे. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनवत असे. तिथून 1964 मध्ये 1100 डिलाइट बाहेर पडली आणि तीच गाडी 1974 पासून ‘पद्मिनी’ झाली. नाव चितोडच्या राणीचं, देह इटलीचा. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखाली गिअरची दांडी आणि पुढच्या दारांना उघडणाऱ्या त्रिकोणी काचा. सिगारेटची राख झाडायला त्या काचा फार सोयीच्या, असं वडिलांचे अशील म्हणत. इटलीतल्या ज्या माणसाने ही गाडी कागदावर काढली, त्याच्या तूरिनमध्ये वर्षभरात पडतो त्याच्या तिपटीहून जास्त पाऊस आमच्याकडे चार महिन्यांत पडतो. त्याला बिचाऱ्याला खेड ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

त्यामुळे आमच्या गाडीला पावसाळ्यात एक वास असे. गालिच्याखालची तागाची गादी एकदा भिजली की दिवाळीपर्यंत सुकत नसे. आई मागच्या सीटवर बसताना पाय वर घेऊन बसायची. वडील कोर्टातून आले की आधी पायाखालची वर्तमानपत्रं बदलायचे. गळणं हा गाडीचा स्वभावच आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

तात्या घरी आले ते गाडीसाठी नव्हे. त्यांचं उभं आयुष्य कुर्ल्यात गेलं होतं, प्रीमिअरच्या बॉडी लाइनीवर, काचा आणि रबरं बसवण्याच्या कामावर. नव्वदच्या दशकात कारखान्याचे दिवस फिरले, तेव्हा हिशेब घेऊन ते गावी परतले. परतल्यावर त्यांना कळलं, की वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावरून आपलं नाव गळलंय. मुंबईला राहणाऱ्या चाकरमान्यांचं गळतं तसं. वडिलांनी ते प्रकरण चालवलं आणि नाव लागलं. निकालाचा कागद घेऊन तात्या पायऱ्या उतरत होते, तर अंगणात आमची पद्मिनी उभी. दार उघडं होतं. तात्यांनी चौकटीच्या रबरावर अंगठा दाबला आणि वडिलांना विचारलं, “साहेब, हिच्यात पानी येतंय नां?”

हे 1999 च्या मे महिन्यातलं. त्यानंतर दर मे महिन्यात, मृगाच्या आधी, तात्या त्यांची पत्र्याची पेटी घेऊन यायचे आणि एक-दोन दिवस गाडीपाशी बसायचे. मी तेव्हा पुण्यात एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते. सुट्टीत माहेरी आले की ते दिसायचे. चहा नेऊन द्यायचा, दोन शब्द बोलायचे. ते मला ‘बाय’ म्हणत, कोकणात लेकीबाळींना म्हणतात तसं. त्यांच्या पेटीत काय असतं हे तेव्हा मी कधी पाहिलंही नाही.

वडील 2014 मध्ये गेले. गाडी दोन वर्षं पडवीत उभी राहिली आणि मग मी ती पुण्याला आणली. इथल्या एका गॅरेजात तिची सगळी रबरं बदलून घेतली. काम झटपट झालं, दिसायला काळंभोर, चकचकीत. पहिल्याच पावसात ड्रायव्हरच्या पायाशी तळं. गॅरेजवाल्याने रबराच्या फटींत सिलिकॉन भरून दिलं आणि दुसऱ्या पावसात तळं शेजारच्या सीटपुढे सरकलं. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वरंध घाटातून गाडी खेडला नेली आणि तात्यांना निरोप धाडला. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. ते आले, दाराच्या वरच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “वडून बसवलानी. वडलेलं रबर आदी मरतं, बाय.”

रबर का मरतं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते. चार्ल्स गुडइअरने 1839 मध्ये कच्च्या रबरात गंधक घालून ते तापवलं आणि रबराच्या लांबलचक साखळ्यांमध्ये गंधकाचे टाके पडले. म्हणून ते उन्हात चिकट होईना आणि थंडीत कडक होईना. पण नैसर्गिक रबराच्या साखळीत जागोजागी दुहेरी बंध उरतात. हवेतला ओझोन नेमका त्यांच्यावर तुटून पडतो आणि साखळी तोडतो. रबर सैल असेल तर वरच्या वर पापुद्रा धरून बचावतं; ताणलेलं असेल तर तुटलेली जागा उघडी पडते, ओझोनला आत वाट मिळते, आणि ताणाला काटकोनात चिरा पडत जातात. हे सगळं परीक्षेला येणारं. पण आपल्याच गाडीच्या कोपऱ्यातल्या त्या आडव्या चिरा हेच आहेत, हे मला गुडइअरने सांगितलं नाही. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाने एका वाक्यात सांगितलं. तात्या आणखी एक म्हणायचे: मुंबईच्या टॅक्सीचं रबर चिरतं, गावच्या गाडीचं नुसतं कडक होतं. शहराच्या धुरावर ऊन पडलं की ओझोन वाढतो, हे त्यांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. त्यांना त्यात नवं काही वाटलं नाही.

त्या सुट्टीत त्यांनी मला पडवीत बसवून सगळं काम दाखवलं. दाखवलं म्हणण्यापेक्षा करून घेतलं. पहिला धडा रबर काढण्याचा नव्हताच. मला आत बसवलं, हातात बॅटरी आणि मांडीवर कोरडं वर्तमानपत्र. बाहेरून ते तांब्याने पाणी घालायला लागले, तेही खालून. आधी उंबऱ्याशी, मग बिजागरीपाशी, मग काचेच्या कडेला, सगळ्यात शेवटी वरच्या कोपऱ्यात. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळीकडे जातं आणि शिरलं कुठून ते कळत नाही. आमचं पाणी पायाशी साठत होतं, म्हणून गॅरेजवाल्याने खालच्या फटी बुजवल्या होत्या. आत येत होतं ते पुढच्या काचेच्या कोपऱ्यातून. डॅशबोर्डमागून पत्र्याच्या आतल्या अंगाने उतरून पायाशी निघत होतं. “दिसतं तितून पानी येत नाय,” एवढंच ते म्हणाले आणि तांब्या उपडा ठेवला.

दुसरा धडा दारांचा. तोवर माझी समजूत अशी होती, की दार पाण्याला बंद असतं. नसतं. उतरत्या काचेच्या फटीतून पाणी दाराच्या पोटात जातंच, ते जायचंच असतं, आणि खालच्या कडेला ठेवलेल्या बारीक भोकांतून ते बाहेर पडतं. आमच्या गाडीची ती भोकं धूळ, पानांचा चुरा आणि नव्या रंगाने बुजली होती. तात्यांनी सायकलचा आरा वाकवून तो भोकांतून फिरवला, तर एका दारातून गढूळ पाण्याची धार लागली. कितीतरी महिने ते पाणी आत उभं होतं आणि पत्रा आतून खात होतं. पुण्याच्या त्या गॅरेजचा मला राग आला तो तेव्हा. रबर वाईट बसवलं हे एकवेळ समजू शकते, पण भोकं बुजवणं हा अडाणीपणा आहे. चांगल्यातलं चांगलं रबर लावा. पाण्याला बाहेरची वाट नसेल तर गाडी खालून सडणारच.

मग रबर. त्यांनी वेटोळं सोडलं आणि ते लगेच लावायला न घेता पडवीत सावलीत नुसतं पसरून ठेवलं. गुंडाळून ठेवलेल्या रबरात पीळ असतो. तो आपोआप निघू द्यायचा. तोवर चौकट घासायची. जुनं सोल्युशन थिनरने मऊ करायचं आणि बांबूच्या कामटीने खरवडायचं. पेचकस चौकटीला लावलेला त्यांना खपत नसे; रंगाला ओरखडा गेला की तिथे गंज धरतो आणि गंजाच्या फुगवट्यावर रबर बसत नाही. जिथे गंज दिसला तिथे पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड, आणि वाळेपर्यंत हात बांधून बसायचं. सोल्युशन दोन्हीकडे लावायचं, चौकटीला आणि रबराला, आणि बोटाला चिकटेनासं झाल्यावरच दाबायचं. सुरुवात खालून, उंबऱ्याच्या मध्यावरून, म्हणजे सांधा खाली येतो. कोपऱ्यावर आलं की रबर पुढे ओढायचं नाही, उलट मागून थोडं लोटत आणायचं, तिथे ते जरा जास्तच बसलं पाहिजे. शेवटी टोकाला बोटभर जादा ठेवून कापायचं आणि ती दोन टोकं एकमेकांवर दाबून मिटवायची. रबर वर्षागणिक आक्रसतं. ते जादा बोट तेव्हा उपयोगी पडतं.

पुढची काच हे मात्र दोन माणसांचं काम. रबराला दोन खाचा असतात. एका खाचेत काच बसवायची, आणि जी खाच पत्र्याच्या कडेवर बसणार तिच्यात भोवताली नायलॉनची दोरी भरायची, तिची दोन्ही टोकं खाली मध्यावर एकमेकांना ओलांडून गाडीच्या आत सोडायची. सगळ्याला साबणाचं पाणी. तेल नाही, ग्रीस नाही. खनिज तेलाने रबर फुगतं आणि मग कुजतं. बाहेरून काच चौकटीवर टेकवायची. आतला माणूस दोरीचं टोक हळूहळू ओढतो, दोरीबरोबर रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून आत उडी मारतो, आणि बाहेरचा माणूस दोरी जिथे पोचली असेल नेमकं तिथेच तळहाताने थापट्या मारत काच आत बसवतो. आत मी होते, बाहेर तात्या. काचेतून ते मला बोटाने दाखवत, आणि ते बोट जिथे असेल त्याच्या पुढे मी ओढायचं नाही, असा करार होता. कोपऱ्यावर दोरी अडायची तेव्हा ते हात वर करून थांबवायचे, साबणाचं पाणी शिंपडायचे, पुन्हा तळहात. कुर्ल्याच्या लाइनीवर त्यांचा जोडीदार उत्तर प्रदेशातला होता; वीसेक वर्षं दोघं एका काचेच्या दोन बाजूंना उभे होते, आणि कारखान्याच्या गोंगाटात बोलायची सोयच नव्हती, असं त्यांनी नंतर चहा पिताना सांगितलं.

नव्या रबराचं दार पहिले काही दिवस जड लागतं. आपटायचं नाही. लॉकची पट्टी किंचित बाहेर घ्यायची, दारं बंद करून गाडी तशीच ठेवायची, रबर आपली जागा धरतं. मग वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढून बघायची. सगळीकडे सारखी अडली पाहिजे. सुळकन निघाली तर तिथे रबर टेकत नाही.

कामाचे पैसे तात्यांनी घेतले. कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत हिशेब मांडून, सोल्युशनचा डबासुद्धा धरून. “आता तू मालकीन, बाय. वकीलसायबांकडून दमडी घेतली नव्हती,” असं वर म्हणाले. सातबाऱ्याच्या प्रकरणात वडिलांनी त्यांच्याकडून फी घेतली नव्हती, म्हणून पंधरा वर्षं त्यांनी गाडीचं काम फुकट केलं, असा त्यांचा हिशेब होता.

त्याच सुट्टीत मी वडिलांचं दफ्तर आवरत होते. फीच्या वहीत तात्यांचं नाव सापडलं. रक्कम लिहायच्या रकान्यात आकडा नव्हता. वडिलांच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलं होतं: ‘गाडीची चार दारं व डिकी. पोचलं.’ खाली मे 1999 ची तारीख. म्हणजे वडिलांच्या लेखी पहिल्याच वर्षी हिशेब चुकता झाला होता. मी वही उचलून तात्यांपुढे धरली. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, वही मिटली आणि परत दिली. म्हणाले, “ता वकीलसायबांचं दफ्तर. माजं येगळं.”

मी त्यावर काही बोलले नाही. वकिलाच्या घरात वाढलेल्या माणसाला युक्तिवाद सुचायला हवा होता.

तो छल्ला मला त्याच सुट्टीत पहिल्यांदा दिसला. पेटीच्या तळाशी जाड तारेचं एक कडं होतं आणि त्यात रबराच्या चकत्या ओवलेल्या, प्रत्येक चकतीला पत्र्याची चिठ्ठी. लाइनीवर रबर कापून उरलेली टोकं जमिनीवर पडत आणि केरात जात. तात्या त्यातली एकेक चकती ठेवून घेत: पुढचं दार, मागचं दार, डिकी, पुढची काच, मागची काच. वर्षांनुसार पुरवठादार बदलला की आकारही किंचित बदले, म्हणून काहींच्या दोन-दोन. बाजारात ‘फियाटचं रबर’ म्हणून जे मिळतं ते सगळ्या गाड्यांना थोडंथोडं बसेल असं असतं, म्हणजे नीट कुठल्याच गाडीला बसत नाही. खरा आकार चकतीतच. पोकळ नळी केवढी, तिच्या खालचा पाय केवढा, ओठ कुठल्या बाजूला झुकलेला. हे सगळं आडवं कापल्यावर दिसतं, लांबीत दिसत नाही.

पुण्याला येताना त्यांनी तारेतून पुढच्या दाराची आणि डिकीची चकती काढून माझ्या हातावर ठेवली. मी ती भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात नेली. तिथला तरुण मालक माझ्या एका विद्यार्थ्याचा भाऊ निघाला, हे माझं नशीब. पोलादाच्या पट्टीत आकार कापून डाय करायची आणि तिच्यातून रबर दाबून बाहेर काढायचं, एवढं ऐकायला सोपं आहे. पण डायमधून सुटल्याबरोबर रबर फुगतं, त्यामुळे हवा तो आकार मिळवायला डाय जरा वेगळीच कापावी लागते आणि पुन्हा पुन्हा घासावी लागते. या वेळी नैसर्गिक रबर घेतलं नाही, ईपीडीएम घेतलं. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात. ओझोनला धरायला जागाच सापडत नाही. दारासाठी ते स्पंजासारखं फुगवलेलं हवं. काचेच्या रबरासारखं, शोअर मापावर साठ-सत्तर भरणारं घट्ट रबर दाराला लावलं तर दार लागतच नाही. शंभर मीटरच्या खाली यंत्र चालवायला मालक तयार नव्हता. एका गाडीला एवढं लागत नाही. मी शंभर मीटर घेतलं.

तात्यांकडे तुकडा नेला. त्यांनी वास घेतला, दोन बोटांत चिमटला, सोडला, पुन्हा चिमटला. “जरा कडक हाय. दोन पावसाळं जाऊं दे, मग सांगतो.” दुसरा पावसाळा सरता सरता, 2019 मध्ये, ते गेले. दारांतून थेंब आलेला नव्हता. ते त्यांना फोनवर सांगून झालं होतं. दिवस-कार्य झाल्यावर त्यांच्या सूनबाईंनी छल्ला आमच्या घरी आणून दिला. त्यांना तो भंगारात टाकवेना, आणि घरात त्याचा उपयोग कुणाला नव्हता.

वर्गात मी तो नेत असे. त्यातली एक चकती विद्यार्थ्यांच्या हातात फिरवायची, आणि मग जुन्या रबराची एक पट्टी ताणून लाकडाला ठोकून महाविद्यालयाच्या गच्चीवर ठेवायची, दुसरी सैल. सत्र संपता संपता दोन्ही खाली आणायच्या. दुहेरी बंधावरचा प्रश्न त्यानंतर कुणी सहसा चुकवला नाही. निवृत्तीच्या निरोप समारंभात माझ्या शिकवण्याचं कौतुक झालं तेव्हा त्यातलं हे एवढं तरी माझं नव्हे, हे मी सांगितलं. लोकांना तो विनय वाटला.

2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मर्यादा संपून रस्त्यावरून उतरली. टॅक्सी होत्या तोवर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नाहीतर पुण्याच्या नाना पेठेत काहीतरी मिळून जायचं. आता तिथे मागणी नाही, म्हणून मालही नाही. कुर्ल्यात प्रीमिअर रोड हे नाव तेवढं शिल्लक आहे. माझ्या शंभर मीटरमधलं उरलेलं रबर नाशिकला, कोल्हापूरला, मडगावला गेलं, आणि मग आणखी शंभर मीटर काढावं लागलं. मी त्याचे लागतील तेवढेच पैसे घेते, कालनिर्णयच्या मागे हिशेब मांडून.

तुमच्याकडे जुनी पद्मिनी असेल आणि रबरं बदलणार असाल, तर जुनं सगळंच्या सगळं भंगारात देऊ नका. कमी दबलेल्या, उन्हापासून लांब राहिलेल्या जागेचा दोन इंच तुकडा कापून ठेवा, चिठ्ठीवर गाडीचं साल आणि दार लिहा. पुढच्या दाराची आणि डिकीची डाय भोसरीत आहे, कुणीही त्यातून काढून घ्यावं. काचांच्या रबरांच्या चकत्या छल्ल्यात आहेत, डाय अजून करायच्या आहेत. पुढच्या त्रिकोणी काचेच्या रबराची चकती तात्यांकडेही नव्हती. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या डिकीत त्याचा न चिरलेला तुकडा असेल, तर मला तो हवा आहे.